दुकान कुडाळात, गिऱ्हाईक डोंबिवलीत: छोट्या दुकानदारासाठी ऑनलाइन विक्रीची पद्धत

कोकणातल्या छोट्या दुकानाचा ऑनलाइन धंदा बसतो तो बहुतेक वेळा पार्सलमुळे. आमसुलांना पाणी सुटतं, आगळाची (कोकमाच्या घट्ट खारट रसाची) बाटली पाझरते, काजू मऊ पडतात आणि कुरिअरचं बिल नफ्याहून मोठं येतं. वेबसाइट, अ‍ॅप, जाहिरात हे सगळं पैसे मोजले की कुणीही करून देतं. माल गिऱ्हाइकाच्या दारात धड पोचवणं आणि तरी चार पैसे सुटणं हे मात्र तुमचं तुम्हालाच जमवावं लागतं. म्हणून या लेखात जास्त जागा मालाची निवड, पॅकिंग आणि हिशेब यांना दिली आहे.

सुरुवात ओळखीच्या गिऱ्हाइकापासून

मालवण, गणपतीपुळे, दापोली, अलिबाग इथल्या दुकानदाराकडे एक भांडवल तयार असतं. मे महिन्यात आणि गणपतीला येणारा चाकरमानी आणि सुट्टीत येणारा पर्यटक, दोघांनीही तुमचा माल चाखलेला असतो. मुंबईला परत गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे काजू संपतात आणि तिथल्या दुकानातली आमसुलं त्यांना आवडत नाहीत. तुमचं पहिलं ऑनलाइन गिऱ्हाईक हेच. अनोळखी माणसाला इंटरनेटवर शोधत बसण्याआधी या माणसाचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर त्याच्याकडे असायला हवा.

त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप पुरतं. दुकानासाठी वेगळं सिम घ्या, घरच्या नंबरावर धंदा करू नका. अ‍ॅपमध्ये दुकानाचं नाव, पत्ता, वेळ भरा, कॅटलॉगमध्ये माल चढवा. मग त्या नंबराचा क्यूआर कोड व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कागदावर छापून घ्या आणि त्यावर एकच ओळ लिहा: ‘घरपोच मागवायला हा नंबर सेव्ह करून मेसेज करा.’ सीझनमध्ये प्रत्येक पिशवीत हे कार्ड गेलं पाहिजे. ‘सेव्ह करून’ हे शब्द गाळू नका. ब्रॉडकास्ट यादीतून (एकाच वेळी अनेकांना) पाठवलेला मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. शेकडो नंबर गोळा करूनही पुष्कळांचे मेसेज जात नाहीत ते यामुळे.

सोबत गूगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल करून ठेवा. तेही मोफत आहे. नकाशावरची खूण बरोबर दुकानाच्या दारावर हवी, वाडीच्या नाक्यावर नको.

कुठला माल चालतो

एक साधी कसोटी लावा: किलोला किंमत किती? कुरिअर वजनावर पैसे घेतं. त्यामुळे हलका आणि महाग माल तगतो, जड आणि स्वस्त माल मरतो. काजू, सोडे (सुकी कोळंबी), तिरफळ, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी मसाला, आमसुलं हे सगळे चालणारे. कुळथाची पिठी आणि वड्याचं पीठ एकटं परवडत नाही, पण काजूच्या पार्सलमध्ये उरलेल्या वजनात छान बसतं. नारळ आणि पोहे मुंबईतही मिळतात आणि जड असतात. त्यांच्या मागे लागू नका. कोकम सरबताच्या बाटल्या लोक मागतात खऱ्या, पण त्यात तुम्ही प्रामुख्याने साखर आणि पाणी वाहून नेता. त्यापेक्षा आगळ विका.

ओले काजूगर, ताजी मासळी, शहाळी हे सुरुवातीला पूर्ण वर्ज्य. वाटभर माल थंड ठेवायची सोय नसताना तो पाठवणं म्हणजे तक्रार विकत घेणं.

सुरुवातीला आठ-दहा वस्तूच ठेवा. पन्नास वस्तूंचा कॅटलॉग दिसायला भरगच्च दिसतो, पण त्यातल्या तीस वस्तू ‘आत्ता नाही’ असं सांगायची पाळी आली की गिऱ्हाईक उरलेल्या वीसही विचारत नाही. ऑनलाइनचा साठा दुकानात वेगळ्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. गल्ल्यावर गर्दी झाली की समोरचा माल संपतो, आणि आदल्या रात्री पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला सांगायला काही उरत नाही.

सुक्या मासळीबद्दल थोडं वेगळं. सोडे, सुका जवळा, बोंबील यांना मुंबई-पुण्यात भरपूर मागणी आहे, पण वास बाहेर आला तर कुरिअरवाला पार्सल घेत नाही. व्हॅक्यूम पॅक, त्यावर दुसरी जाड लॅमिनेटेड पिशवी, मग खोका. आंबापोळी आणि सोडे एका खोक्यात कधीही घालू नका, कितीही घट्ट सील असलं तरी. अनेक घरांत श्रावण पाळतात. त्या महिन्यात या मालाचे मेसेज पाठवू नका.

कागदपत्रं

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो. घरून विकणाऱ्या गृहिणीलाही हे लागू आहे. लहान उलाढालीला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना. तुम्ही कुठल्या गटात बसता ते फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज करतानाच कळतं. १४ अंकी नंबर मिळतो आणि तो प्रत्येक लेबलवर छापावा लागतो. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. तिचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही हे ओळखा.

जीएसटीमध्ये कोकणातले दुकानदार एका ठिकाणी हमखास अडकतात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. म्हणजे बांद्याच्या दुकानदाराने काजू मुंबईला पाठवले तर चालतं आणि शेजारच्या म्हापशाला पाठवले तर चालत नाही. गोवा, बेळगाव, बंगळूर या ऑर्डरी नोंदणी होईपर्यंत नम्रपणे नाकारा. ताज्या आंब्यावर कर नाही, त्यामुळे आंब्याला ही अडचण येत नाही. आंबापोळी, काजू, मसाला हे मात्र करपात्र आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरही बिननोंदणी विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात माल विकता येतो, पण त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. तुमच्या मालाचे दर आणि हे सगळं एकदा कर सल्लागारासमोर बसून नक्की करा. त्याची एका बैठकीची फी नोटिशीपेक्षा स्वस्त पडते.

लेबल

पाकिटावर हे सगळं हवं: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत, पॅक केल्याची तारीख, किती तारखेपर्यंत वापरावं, बॅच नंबर, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआय नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका किंवा मांसाहारीचा तपकिरी त्रिकोण. पोषणमूल्यांचा तक्ता लागू आहे का ते नोंदणीच्या वेळी विचारून घ्या. काजू असलेल्या प्रत्येक पदार्थावर ‘यात काजू आहेत’ असं वेगळं लिहा. काजूची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. वजन, एमआरपी, पत्ता ही माहिती ऑनलाइन यादीतही दिसली पाहिजे, नुसत्या पाकिटावर पुरत नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र असल्याशिवाय छापू नका. ‘पित्तावर रामबाण’, ‘कोलेस्टेरॉल घटवते’ असले दावेही नकोत. घरातली माणसं सांगतात म्हणून ते लेबलवर कायदेशीर होत नाही.

किती दिवस टिकतं हे अंदाजाने लिहू नका. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं विकायच्याच पॅकिंगमध्ये कपाटात ठेवा आणि दर महिन्याला बघा: काजू खवट झाले का, आंबापोळी काळवंडली का, मसाल्याला गाठी आल्या का. जून ते सप्टेंबर या महिन्यांतला निकाल खरा धरा. जानेवारीत सहा महिने टिकणारा माल पावसाळ्यात तीन महिन्यांत जातो. शक्य होईल तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या.

पॅकिंग: खरी लढाई दमटपणाशी

मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यासाठी छापलेले पॅकिंगचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मिरगापासून घटस्थापनेपर्यंत हवेत इतकं पाणी असतं की उघडं राहिलेलं पाकीट तासाभरात ओलावा ओढतं.

पहिला नियम पिशवीचा. साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओलावा हळूहळू आत जातोच. काजू, मसाला, पीठ यांसाठी लॅमिनेटेड उभी पिशवी घ्या, आत चंदेरी थर असलेली. ती महाग पडते म्हणून खिडकीवाली किंवा साधी पारदर्शक पिशवी घेण्याचा मोह होतो. माल दिसतो खरा, पण उजेडाने आंबापोळीचा आणि मसाल्याचा रंग उतरतो. माल फोटोत दाखवा, पिशवी बंद ठेवा.

आमसुलांचं तंत्र वेगळं आहे. त्यांना मीठ लावलेलं असतं आणि मीठ हवेतलं पाणी खेचतं. पाकिटात तळाला लाल पाणी साचलं की गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब आहे, जरी तो खाण्यालायक असला तरी. आगोटीआधी (पावसाळ्याआधी) वाळवून झालेला माल मोठ्या गोणीत पावसाळाभर ठेवून लागेल तसा काढत राहिलात तर गोणी दरवेळी उघडते आणि सगळाच माल ओलावतो. त्यापेक्षा मे अखेरीस कडक उन्हाच्या दिवशी वाळवून त्याच दुपारी छोट्या पिशव्यांत भरून सील करा. दोन पिशव्या, एकात एक. आगळ आणि आमसुलं यांच्यातलं आम्ल आणि मीठ मिळून पत्रा खातं. त्यामुळे लोखंडी झाकणाची बरणी आणि अ‍ॅल्युमिनियमचे डबे टाळा.

सीलिंग हातमशीनवर करता येतं, आठ किंवा बारा इंची. सील गळतं ते बहुतेक वेळा तोंडावर पडलेल्या भुकटीमुळे. मसाला भरताना नरसाळं वापरा, तोंड कोरड्या कापडाने पुसा, मग सील करा आणि एक बोट सोडून दुसरं सील मारा. भाजलेला माल पूर्ण निवल्याशिवाय पिशवीत भरू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. दर बॅचमधली एक पिशवी बादलीतल्या पाण्यात दाबून धरा. बुडबुडा आला तर मशीनचं तापमान कमी आहे किंवा पट्टी झिजली आहे. सगळी बॅच परत सील करा.

आगळाच्या बाटलीची परीक्षा रात्रभराची असते. भरलेली बाटली झाकण घट्ट करून, उलटी, कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर तांबूस डाग दिसला तर ती बाटली आणि त्याच लॉटची झाकणं पार्सलला चालत नाहीत. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं मोकळी ठेवा. झाकणाच्या आत वॉशर किंवा बूच हवंच, वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारं प्लॅस्टिकचं वेष्टन), मग प्रत्येक बाटली स्वतंत्र जाड पिशवीत सील केलेली. एक फुटली तरी बाकीचा माल वाचतो. एका आगळाच्या बाटलीने अख्ख्या खोक्यातले काजू लाल झाले की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

खोका दोन-तीन किलोपर्यंत तीन प्लायचा (तीन थरांचा) चालतो. बाटल्या आणि आंब्याला पाच प्लाय. किराणा मालाचे जुने खोके पावसाळ्यात वापरू नका. पुठ्ठा ओलावा पितो आणि निम्मी ताकद गमावतो. नवे खोकेही जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. मधली फट आणि दोन्ही कडा अशा तिन्ही जागी ४८ मिलिमीटरची चिकटपट्टी मारा, वर आणि खाली. खोका हलवून बघा. आत खडखडलं तर कागदाचे बोळे भरा. वर्तमानपत्राचा कागद सीलबंद पिशव्यांच्या बाहेर भरायला ठीक, पण पदार्थाला थेट लागता कामा नये. शेवटी खोका कमरेच्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट बाजूवर पाडा. नवीन पॅकिंग ठरवताना ही परीक्षा एकदा घ्या. कुरिअरच्या गोदामात याहून वाईट होतं.

पत्त्याचा कागद पारदर्शक खिशात घाला. शाईच्या पेनने लिहिलेला पत्ता पहिल्या सरीत पुसतो.

वजन आणि किंमत: इथे पैसे जातात

कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी पैसे घेतं. ५०० ग्रॅमचं पाकीट खोक्यासकट ६२०-६५० ग्रॅम होतं, म्हणजे तुम्ही एक किलोचे पैसे भरता आणि साडेतीनशे ग्रॅम हवा पाठवता. त्यावर आणखी एक भानगड असते, आकारमानाची. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोमध्ये धरतात. तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर बिल त्याचं येतं. ३० × २२ × १५ चा खोका म्हणजे ९९०० भागिले ५०००, जवळजवळ दोन किलो. तोच माल २४ × १६ × ११ च्या खोक्यात बसला तर ४२२४ भागिले ५०००, साधारण ८४५ ग्रॅम. माल तोच, बिल निम्मं. म्हणून आधी दोन मापांचे खोके ठरवा आणि त्यांत बसतील अशा पिशव्यांची मापं निवडा. बहुतेक दुकानदार उलट करतात: आधी पिशव्या छापून घेतात आणि मग खोका शोधतात.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भावाने भरा. ५०० ग्रॅम आमसुलं, माल २०० रुपये, पिशवी आणि लेबल १२, खोका-पट्टी-कागद २२, मुंबईचं कुरिअर ८०. झाले ३१४. विकली ४०० ला. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) ९, फुटतूट आणि परतीसाठी तीन टक्के म्हणजे १२ बाजूला. उरले ६५, आणि यातून अजून वीज, मजुरी, तुमची मेहनत. हीच आमसुलं एखाद्या प्लॅटफॉर्मवर एकूण २० टक्के कापून विकली तर ८० जातात. गेटवेचे ९ वाचले तरी तुम्ही सहा रुपये तोट्यात.

आता त्याच एक किलोच्या टप्प्यात ३०० ग्रॅम आमसुलं, २५० ग्रॅम सालवाले काजू आणि २०० ग्रॅम आंबापोळी बसवा. पॅकिंगसकट साधारण ९०० ग्रॅम. माल ४८०, पिशव्या ३६, खोका २५, कुरिअर ८०, मिळून ६२१. विक्री ८५० ला. गेटवे आणि फुटतूट मिळून ४५ धरा. उरले १८४. कुरिअर तेवढंच, नफा जवळपास तिप्पट. त्यामुळे सुट्या पाकिटांपेक्षा ‘एक किलोची कोकण पेटी’, ‘दोन किलोची पेटी’ असे ठरलेले संच विका, आणि सुट्या ऑर्डरीला किमान रक्कम ठेवा.

‘कुरिअर मोफत’ लिहायचं तर ते किमतीत धरून लिहा. गिऱ्हाईक वेगळ्या ८० रुपयांवर घासाघीस करतं, पण ८५० च्या पेटीवर करत नाही.

फोटो आणि वर्णन

खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, मोबाइलनेच. ट्यूबलाइटखाली आमसुलं काळी दिसतात आणि फिल्टर लावलं की लालभडक दिसतात. दोन्हींमुळे ‘फोटोसारखा माल नाही’ अशी तक्रार येते. एका वस्तूचे पाच फोटो: पाकीट पुढून, लेबल मागून, माल उघडा जवळून, हातात धरून आकार कळेल असा, आणि संच असेल तर सगळा मिळून.

वर्णनात कौतुक कमी आणि मोजमाप जास्त हवं. काजूचंच घ्या. ‘मोठे, टपोरे’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. किलोत सांगायचं तर डब्ल्यू ३२० चे साधारण ७०० गर. ग्रेड लिहा, सालवाले की सोललेले लिहा, भाजलेले की कच्चे लिहा, तुकडा किती टक्के येऊ शकतो तेही लिहा. मसाल्याला तिखटपणा, मिरच्या कुठल्या, नारळ आहे का. आमसुलांना मीठ किती, कुठल्या वर्षीची.

लोक काय नावाने शोधतात तेही घाला. एकाच वस्तूला रत्नागिरीत रातांब्याची आमसुलं म्हणतात, सिंधुदुर्गात सोलं किंवा भिरंडाची सोलं, मुंबईच्या दुकानात नुसतं कोकम. तिन्ही नावं वर्णनात हवीत.

सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम, वेंगुर्ला काजू, अलिबागचा पांढरा कांदा आणि हापूस यांना भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायची कायदेशीर मान्यता) आहे. मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ज्या बागायतदाराकडून किंवा संस्थेकडून माल घेता त्यांची नोंद आहे का ते आधी विचारा.

ऑर्डर, पैसे, पाठवणी

ऑर्डर आली की एकाच मेसेजमध्ये पाच गोष्टी परत लिहून पाठवा: वस्तू आणि वजन, एकूण रक्कम, पूर्ण पत्ता पिनकोडसकट, पाठवण्याचा दिवस, पोचायचा अंदाज. गिऱ्हाइकाने ‘हो’ लिहिल्यावरच पैसे घ्या. हा मेसेज अ‍ॅपमधल्या झटपट उत्तरांत साठवून ठेवता येतो.

यूपीआयचे पैसे आले का हे स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साउंडबॉक्सवर बघा. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो बनवता येतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी लष्करात आहे, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ असा फोन आला की तो ठेवून द्या.

कॅश ऑन डिलिव्हरीत पार्सल नाकारलं गेलं की जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे तुमचे, आणि महिनाभर फिरून आलेली आंबापोळी परत विकता येत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती सोय लागतच नाही. नवख्याला द्यायचीच तर निदान कुरिअरचे पैसे आगाऊ घ्या.

पाठवण्यासाठी आधी एक साधी चौकशी करा: कुरिअर तुमच्या पिनकोडवर माल उचलायला येतं का? पुष्कळ वाड्यांत येत नाही. कुडाळ, कणकवली, चिपळूण, रत्नागिरी, महाड अशा ठिकाणच्या केंद्रावर स्वतः नेऊन द्यावं लागतं. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, सोमवार आणि गुरुवार बरे. शुक्रवारी दिलेला माल रविवारी कुठेतरी गोदामात पडतो. गिऱ्हाइकालाही हेच दोन दिवस सांगा. स्पीड पोस्ट सगळ्या गावांत पोचतं आणि पोस्ट तुमच्या गावातच असतं, ही मोठी सोय आहे. खेड्यातल्या पत्त्याला तेच वापरा, शहरातल्या पत्त्याला दोन्हींचे दर ताडून बघा.

प्रत्येक पार्सलचे दोन फोटो काढा: काट्यावर ठेवलेलं, आकडा दिसेल असं, आणि लांबी, रुंदी, उंचीला मोजपट्टी लावलेलं. महिन्याच्या शेवटी ‘तुमचं पार्सल दोन किलोचं निघालं’ असं बिल आलं तर वाद घालायला याशिवाय काही हाताशी नसतं. हरकत घेण्याची मुदत थोडी असते, त्यामुळे बिल रोज नाही तरी आठवड्याला बघा.

एक वही किंवा एक शीट पुरते: तारीख, नाव, पिनकोड, माल, रक्कम, कुरिअरचा खर्च, ट्रॅकिंग नंबर, पोचल्याची तारीख, तक्रार. तीन महिन्यांनी यातून कळतं कुठल्या पिनकोडला नफा आहे आणि कुठली वस्तू सारखी फुटते. पावसाळ्यात घाटात दरड आली, लाइट गेली, नेट गेलं, तर त्याच दिवशी सगळ्या अडकलेल्या गिऱ्हाइकांना स्वतःहून मेसेज करा. उशीर लोक समजून घेतात. न सांगता झालेला उशीर समजून घेत नाहीत.

हापूस

आंबा पाठवायचा तर चौदा आण्याचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेला, पण कडक, हिरवट असताना. झाडावर पिकलेला वाटेत फुटतो आणि कोवळा काढलेला सुरकुततो, पिकत नाही. डझनावर भाव सांगताना फळाचं वजन सांगा: २०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३०० असं. नुसतं ‘मोठा’, ‘मध्यम’ म्हटलं की भांडण. खोक्याला भोकं हवीत, तळाला आणि थरांमध्ये भाताचा पेंढा, फळं देठ वर करून. सोबत छापील चिठ्ठी: आल्या आल्या खोका उघडा, फळं पेंढ्यात पसरा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज बघा आणि पिकेल ते काढा.

साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) बाहेरून ओळखता येत नाही. झाडावरच होणारा दोष आहे आणि चांगल्या बागेतही निघतो. त्याचा नियम विक्रीच्या आधीच लिहून द्या: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. हे आधी सांगणारा विक्रेता मे महिन्यात दिवसभर फोनवर भांडत बसत नाही.

सुट्या पेट्या कुरिअरने महाग पडतात. एका सोसायटीतल्या दहा-वीस पेट्या गोळा झाल्या की रात्रीच्या खाजगी बसने किंवा टेम्पोने पाठवा आणि सोसायटीतल्याच एकाने उतरवून घ्यायचं ठरवा. त्याला एक डझन आंबे द्या. हापूसचं मानांकन २०१८ सालचं आहे आणि ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला लागू आहे. बाहेरचा आंबा आणून देवगडच्या नावाने विकायचा मोह एप्रिलच्या सुरुवातीला होतो, कारण तेव्हा भाव असतो. हे करू नका. गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची ओळख एका पेटीत संपते.

मोठे प्लॅटफॉर्म आणि जाहिरात कधी

तुमच्या वहीत तीन गोष्टी दिसेपर्यंत थांबा: तीच माणसं परत मागवत आहेत, फुटतूट शंभरात एक-दोनवर आली आहे, आणि सगळा खर्च वजा जाऊन पेटीमागे ठरावीक पैसे उरत आहेत. मग प्लॅटफॉर्मवर जा, आणि तिथेही सुटी पाकिटं न चढवता संच चढवा. कमिशन, क्लोजिंग फी (प्रत्येक विक्रीमागची ठरावीक फी), वजनाची फी, परतीची फी हे सगळं त्यांच्या दरपत्रकातून तुमच्या मालावर लावून बघा. पैसे हातात पडायला दिवस लागतात, त्यामुळे दिवाळीच्या मालात गुंतलेली रक्कम दिवाळीनंतर सुटते. तेवढं भांडवल वेगळं धरा. प्लॅटफॉर्म जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्के टीडीएस असा आगाऊ करही कापतात. तो तुमच्याच नावावर जमा होतो, विवरणपत्रात परत मिळवायला विसरू नका.

जाहिरात करायची तर सगळ्या महाराष्ट्राला करू नका. ज्या पिनकोडांतून आधीच ऑर्डरी येतात, डोंबिवली, बोरिवली, ठाणे, पुण्याचा कोथरूड असे जे काही तुमच्या वहीत दिसतील, तेवढेच निवडा. रोज थोडी रक्कम आणि दहा दिवस. व्हिडिओत काजू फोडताना, आंबापोळी उन्हात घालताना, पेटी भरताना दाखवा. गणपतीच्या पंधरा दिवसांत जाहिरात बंद ठेवा, गिऱ्हाईक तेव्हा गावातच असतं. दसऱ्याच्या आठवड्यात पुन्हा सुरू करा आणि दिवाळीची शेवटची पाठवणी लक्ष्मीपूजनाच्या किमान आठ दिवस आधी ठेवा, कारण त्यानंतर दिलेला खोका फराळ संपल्यावर पोचतो.